पाहुणा कोणाच्या घरी जाणार?

मुरबाड तालुक्यात सिद्धगड, गोरखगड आणि मच्छिंद्रगडाच्या रांगेखाली जी गावं आहेत, त्यातलं एक माझं माहेर. गावाचं नाव इथे लिहीत नाही. गावाची जाहिरात सगळ्यांनी मिळून करायची, एकट्यादुकट्याने नाही, असं ग्रामसभेत ठरलं आहे आणि मला ते पटतं. लग्नानंतर मी कळव्याला आले. ठाण्यात एका कार्यालयात हिशेबाचं काम करते आणि सुट्टी मिळाली की कल्याणहून एसटी धरून गावी जाते. गावात पाहुण्यांच्या मुक्कामाचं काम सुरू करायचं ठरलं, तेव्हा हिशेब लिहायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मला बोलावलं. त्या कामात मी अजून आहे. आमच्यासारख्या आणखी वाड्यांवर हा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

खरं तर पर्यटक आमच्याकडे आधीपासूनच येत होते. जून लागला की शनिवार-रविवारी ठाणे, डोंबिवली, ऐरोलीच्या गाड्यांची रांग लागायची. लोक वडापाव आणि पाण्याच्या बाटल्या सोबत घेऊन यायचे, ओढ्यात भिजायचे आणि संध्याकाळी परत जायचे. गावाला मिळायचं काय, तर रस्त्याकडेच्या दोन घरांना गाडी लावायचे पैसे आणि सगळ्यांना मिळून कचरा. पोरी आवणीला शेतात वाकलेल्या असायच्या आणि बांधावर उभं राहून लोक त्यांचे फोटो काढायचे. माझ्या वहिनीला याचा फार राग यायचा. अपघात झाले की जिल्हा प्रशासन धबधब्यांवर मनाई आदेश काढतं, मग सगळं एकदम बंद. म्हणजे गर्दीही आमच्या हातात नाही आणि बंदीही नाही.

दिवाळीनंतरचं चित्र याच्या उलट. भात झोडून झालं की गावात काम नसतं. कातकरी वाडीतली बहुतेक घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, काही त्याही पलीकडे. म्हातारी माणसं आणि एखादं पोर मागे राहतं. शाळेतली पटसंख्या त्या महिन्यांत कशी घसरते, ते गुरुजींना विचारावं. ज्या महिन्यांत हवा सर्वांत चांगली, डोंगर चढायला सोपा आणि आभाळ स्वच्छ, त्याच महिन्यांत गाव रिकामं. पाहुणे आणायचे असतील तर याच महिन्यांत आणायचे, हे पहिल्या बैठकीतच ठरलं. पावसाळ्यातली गर्दी वाढवण्यात कोणालाच रस नव्हता.

सुरुवातीला आम्ही काही जण अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीला जाऊन आलो. तिथे हे काम बरीच वर्षं चालू आहे. काजव्यांच्या दिवसांत लोक लांबून तिथे येतात, पण आम्हाला काजवे बघायचे नव्हते. जेवण कोणाच्या घरी होतं, पैसे कोण घेतं, भांडण झालं तर कोण सोडवतं, ते बघायचं होतं. तिथल्या बायकांशी चुलीपाशी बसून बोललो. पाहुणे घरोघरी वाटून दिले जातात आणि कोणाकडे किती गेले ते गावाला माहीत असतं, हे पाहिलं. परतीच्या गाडीत सगळे याच एका गोष्टीवर बोलत होते.

आमच्या गावातही खरी अडचण तीच निघाली. ज्यांच्याकडे स्लॅबचं घर, फरशी, चांगला संडास, त्यांनी लगेच हात वर केला. हिशेबाने बघितलं तर पाहुणा त्यांच्याचकडे जाणार आणि ज्यांना भट्टीवर जावं लागतं त्यांच्याकडे कधीच नाही. म्हणजे गावातलं अंतर पर्यटनाने आणखी वाढणार. ग्रामसभेत यावर कडाक्याचं भांडण झालं. एक काका म्हणाले, "माझं घर, मी बांधलं, मी पाहुणा ठेवतो, तुम्ही मधे कोण?" त्यावर कातकरी वाडीतली एक आजी उठली आणि म्हणाली, "पाहुना तुज्या भिंती बघाया येतो का रं? रान बघाया येतो. रान काय तुज्या एकट्याचं हाय?"

त्या वाक्यावर सभा फिरली. मग आम्ही कामाचे वेगवेगळे भाग पाडले. मुक्काम एका घरी, जेवण दुसऱ्या घरी, रानात नेणारा तिसऱ्या घरचा. तांदूळ, भाजी, अंडी, दूध पुरवणारे आणखी वेगळे. मुक्कामाला चांगलं घर लागतं, हे खरं. पण रान दाखवायला स्लॅब लागत नाही, आणि रानाची ओळख कातकरी आणि ठाकर माणसाइतकी आमच्या कुणब्याच्या घरात कोणालाच नाही. म्हणून वाटाड्याचा दर मुक्कामाच्या दराच्या बरोबरीने ठेवायचा, असा ठराव झाला. बाहेरच्या लोकांना तो जास्त वाटतो. काही जण फोनवर घासाघीस करतात. आम्ही दर कमी करत नाही.

प्रत्येक पाहुण्याच्या रकमेतून दहा टक्के गावनिधीत जातात. बाकीचे ज्याचे त्याला, आणि त्याच आठवड्यात. हे "त्याच आठवड्यात" फार महत्त्वाचं आहे. पैसे महिनाभर अडकले की गरीब घराचा विश्वास उडतो आणि ते परत मजुरीकडे वळतं. नंबराची वही समाजमंदिरात ठेवली आहे. कोणाच्या घरी कधी पाहुणा गेला, पुढचा नंबर कोणाचा, किती रुपये दिले, सगळं त्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा वही मोठ्याने वाचली जाते. ते वाचन मी करते. एकेक नाव आलं की लोक "हा, मिळाले" म्हणतात, आणि नसतील मिळाले तर तिथल्या तिथे बोलतात. माझ्या कार्यालयात इतकं कडक लेखापरीक्षण होत नाही.

कागदपत्रांचं सांगते, कारण त्यात वेळ जातो आणि कोणी धड सांगत नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्यात एकट्या शेतकऱ्याला नोंदणी करायची तर किमान एक एकर शेती लागते. आमच्या गावात कितीतरी घरांकडे काही गुंठे आहेत किंवा वनहक्काचा प्लॉट आहे, म्हणून तो रस्ता सगळ्यांसाठी नव्हता. राहत्या घरातल्या एक-दोन खोल्यांसाठी पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना जास्त जवळची वाटली. ओळखीची कागदपत्रं, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, घराचा उतारा, असं सगळं गोळा करत गेलो. स्वयंपाक करणाऱ्या गटासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी. आम्ही केली तेव्हा वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची, परवाना लागत नसे. तिची फी वर्षाला १०० रुपये होती. तरी अनेक गावं ती टाळतात. टाळू नका. एखाद्याचं पोट बिघडलं तर प्रश्न पैशाचा राहत नाही, गावाच्या नावाचा होतो.

घराच्या उताऱ्याशी मात्र आम्ही बराच काळ थांबलो. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराचा कर-आकारणीचा उतारा, काढला तर जवळजवळ सगळी घरं पुरुषांच्या नावावर, काही तर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. रांधणार बाई, अंथरूण घालणार बाई, संडास घासणार बाई, आणि नोंदणी आणि पैसे नवऱ्याच्या नावावर. घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावं, असा शासन निर्णय २००३ पासून आहे. तो आहे हे बायकांना माहीतच नव्हतं. बचत गटाच्या बैठकीत मी तो वाचून दाखवला. मग ठरलं की ज्या घराच्या नमुना ८ वर बाईचं नाव लागेल तेच घर मुक्कामाच्या वहीत येईल. ग्रामसभेत पुरुष कुरकुरले. पण हंगाम तोंडावर आला होता आणि पाहुणा शेजारच्या घरी गेलेला कोणाला बघवणार नव्हता. एकेक करत अर्ज आले. माझ्या स्वतःच्या भावाने सर्वांत शेवटी दिला. वहिनीने तो उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवला आहे. या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचं काय वाटतं असं कोणी विचारलं, तर मी त्या पेटीकडे बोट दाखवीन.

नवीन खोल्या बांधायच्या नाहीत, असंही ठरवलं. उमेद या सरकारी अभियानातल्या, बचत गटांच्या आमच्या ग्रामसंघाकडून कर्ज घेतलं ते फक्त गाद्या, चादरी, मच्छरदाण्या आणि संडासांच्या दुरुस्तीसाठी. कर्ज काढून खोली बांधली की ती भरायची चिंता लागते. मग पाहुणा कसाही असो, कितीही असो, घ्यावाच लागतो.

प्रशिक्षणाचा भाग मला आवडला, पण तो शिकवण्यापेक्षा विश्वास देण्याचा होता. पहिल्या सरावाच्या जेवणाला बायकांनी पनीर आणि जिरा राइस केला होता. शहरी माणसाला आपलं जेवण आवडणार नाही, ही भीती. मी ठाण्याच्या मैत्रिणींना घेऊन गेले होते. त्यांनीच सांगितलं की पनीर आम्ही रोज खातो, तुम्ही घरी काय करता ते द्या. पुढच्या वेळी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाचणीचं आंबील आणि सुकटीची चटणी झाली, आणि ताटात काही उरलं नाही. पहिल्या पावसाच्या सुमाराला शेवळं ही रानभाजी येते. ती नीट केली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालतात. ठाण्याच्या बाजारात बायका शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं देतात ती त्यासाठीच. मग कोळीची भाजी, भारंगी, कुर्डू, टाकळा, कंटोळी. किती खुडायचं, काय मुळासकट उपटायचं नाही, हे आजी सांगतात आणि पाहुणेही ऐकतात. रानभाजीची मागणी वाढली तेव्हा एका घराने रोज टोपल्या भरून आणायला सुरुवात केली होती. वन समितीने ते थांबवलं. पाहुण्याच्या ताटापुरती भाजी, बाजारासाठी वेगळी मर्यादा.

रान दाखवणाऱ्यांत दोन पिढ्या आहेत. वयस्कर माणसांना प्रत्येक झाड, प्रत्येक वास ओळखता येतो, पण ते अनोळखी माणसासमोर बोलत नाहीत. पोरांना बोलता येतं, पण त्यांनी रान सोडलेलं. म्हणून जोडी करून पाठवतो, एक म्हातारा, एक तरुण. आमच्या वरचा डोंगर भीमाशंकर अभयारण्यात येतो. १९८५ साली अभयारण्य झालं, पुणे, ठाणे आणि रायगड असं तीन जिल्ह्यांत पसरलेलं. शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, तिथे आहे. घरटं दिसलं की लांब उभं राहायचं, शिट्ट्या मारायच्या नाहीत. वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय कोणाला वर नेत नाही.

पोरांना झाडांबरोबर इतिहासही सांगता यायला हवा, हा माझा आग्रह होता. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे आमच्या रानातले हुतात्मे. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले आणि पोलीस मागावर लागले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात ते दोघे मारले गेले. दरवर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात. ठाण्यात शिकलेल्या किती मुलांना हे माहीत असतं? आमच्या गावातल्या पोरांनाही अर्धवटच माहीत होतं. आता थंडीतल्या मुक्कामात रात्री शेकोटीपाशी हे सांगतात. पाहुणे त्या तारखेच्या आसपास मुद्दाम येऊ लागले आहेत. पौष पौर्णिमेची म्हसाची जत्राही त्याच थंडीत, गुरांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकानं बघायला. आमचा हंगाम असा भरत गेला.

सर्पदंशाबद्दल एवढंच सांगते की मुक्कामाच्या प्रत्येक घरात विजेरी आहे आणि गाडी असलेल्या दोघांचे फोन नंबर भिंतीवर लिहिलेले आहेत. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही, हलवायचं कमी आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथे मिळतं. हे पाहुण्यांसाठी म्हणून शिकलो, पण उपयोग गावालाच जास्त होतो.

आता पाणी. सह्याद्रीच्या या बाजूला पाऊस धो धो पडतो आणि फाल्गुन संपता संपता विहिरी तळाला जातात. उतार तीव्र, खडक काळा, पाणी थांबत नाही. होळीनंतर बायका हंडे घेऊन लांब जातात. अशा वेळी शहरातला पाहुणा दोन बादल्यांनी अंघोळ करतो, ते त्या बाईने बघायचं? म्हणून गुढीपाडव्यापासून चांगला पाऊस पडेपर्यंत मुक्काम बंद, असा नियम झाला. पण काजवे नेमके मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर येतात. सर्वांत जास्त पैसे देणारा पंधरवडा आणि सर्वांत कमी पाण्याचा पंधरवडा एकच. यावर ग्रामसभा पुन्हा पेटली. तरुण पोरं म्हणाली की टँकर विकत आणू. बायका म्हणाल्या, टँकर आमच्या घागरींसाठी मागतो तेव्हा येत नाही, पाहुण्यांसाठी आणायचा का?

शेवटी असं ठरलं की काजव्यांना मुक्काम नाही. संध्याकाळी जेवण, नंतर एकच गट रानवाटेने जाणार आणि रात्री परत. गाड्या गावाबाहेरच्या माळावर, दिवे बंद. पांढरी विजेरी चालणार नाही, तांबडा कागद लावलेली चालेल आणि तीही जमिनीकडे. काजव्याचा नर उजेडानेच मादीला बोलावतो. आपल्या दिव्यांच्या झोतात तो उजेड हरवला तर पुढच्या वर्षीचे काजवे कुठून येणार? अळ्या जमिनीत, ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, म्हणून वाट सोडून पाऊल टाकायचं नाही. फ्लॅश मारून फोटो काढायचा हट्ट करणाऱ्या एका गटाला पोरांनी अर्ध्या वाटेवरून मागे आणलं आणि पैसे परत दिले. निधीत तेव्हा फार काही नव्हतं, तरी दिले. मला त्या पोरांचा अभिमान वाटतो.

एवढं करून भट्टीवर जाणं थांबलं का? सगळ्यांचं नाही. हंगाम चांगला गेला तरी रान दाखवून मिळणारे पैसे भट्टीवरच्या जोडप्याच्या कमाईच्या बरोबरीचे नसतात. पण आकड्यांत खोल गेल्यावर कळलं की माणसं कमाईसाठी जेवढी जातात त्याहून जास्त उचलीसाठी, म्हणजे आगाऊ मिळणाऱ्या पैशांसाठी, जातात. भादवा-आश्विनात घरातलं धान्य संपतं, आजारपण असतं, सण तोंडावर असतो. तेव्हा भट्टीसाठी माणसं गोळा करणारा मुकादम येऊन उचल देतो. उचल घेतली की दिवाळीनंतर जावंच लागतं, मग गावात काम असो की नसो. आमचे पाहुणे डिसेंबरात येणार, पैसे तेव्हा मिळणार. गरज मात्र सप्टेंबरात.

हे वहीवरून दिसलं तेव्हा मी ग्रामसभेत मांडलं की गावनिधीतून आपणच उचल देऊ. बिनव्याजी, पाऊस संपायच्या आत, आणि थंडीच्या हंगामात वाटाड्याच्या, वाट साफ करण्याच्या, दगडी बांध घालण्याच्या कामातून ती फेडायची. निधी बुडेल, अशी शंका काकांनी काढली. रास्त शंका होती. म्हणून रकमेला मर्यादा घातली आणि त्याच वाडीतल्या दोन बायकांना समितीत घेतलं, कोणाला किती द्यायचं ते त्या ठरवतात. ज्यांनी ती उचल घेतली ती घरं त्या थंडीत गावात राहिली आणि त्यांची पोरं शाळेत राहिली. परतफेड हळू होते, पण होते. वाचनाच्या दिवशी त्यांची नावंही बाकीच्यांसारखीच मोठ्याने घेतली जातात.

आता दोन विषय पुढच्या ग्रामसभेपुढे आहेत. ठाण्याकडच्या एका व्यावसायिकाला ओढ्याकाठची जमीन हवी आहे, तंबू आणि पोहण्याचा तलाव करायला. जमीनमालकाला मुलीच्या लग्नासाठी पैशांची गरज आहे आणि त्याला नुसतं "विकू नको" म्हणून चालणार नाही. ती जागा गावनिधीने भाड्याने घेऊन तिथे गाड्यांचा तळ आणि बचत गटाचं भाजी-तांदळाचं दुकान करता येईल का, याचा हिशेब मला मांडायला सांगितला आहे. दुसरा विषय उचलीची मर्यादा वाढवण्याचा. यंदा मागणारी घरं जास्त आहेत आणि निधी तेवढा नाही. दहा टक्क्यांचे बारा करावेत, असा प्रस्ताव बायकांच्या गटाकडूनच आला आहे. मुक्कामाची घरं त्याला तयार होतील असं मला वाटतं, कारण त्या घरांच्या उताऱ्यांवर आता त्यांचीच नावं आहेत.